नऊ सेकंद

गृहशिक्षणाचा पहिला दिवस सोमवारी उजाडला. आदल्या दिवशी प्रणाली मगदूमनं जेवणाचं टेबल खिडकीपाशी सरकवलं होतं, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं होतं आणि नऊ वर्षांच्या कस्तुरीसाठी नव्या वह्या आणून त्यांना कव्हरं घातली होती. सोमवारी दीड वाजता ती लॅबमधून घरी आली, उभ्या उभ्याच चार घास भात खाल्ला आणि अडीच वाजता मायलेकी समोरासमोर बसल्या. दोघींच्या कपाळावर राखाडी कापडी पट्टी होती. मधे उभ्या केलेल्या मोबाइलवर एक आकडा हलत होता.

"एका भाकरीचे चार सारखे भाग केले. त्यातले तीन तू खाल्लेस. किती भाकरी खाल्लीस?"

कस्तुरी तिच्याकडे बघत राहिली.

"चार भाग. त्यातले तीन. म्हणजे तीन छेद चार. हो ना? समजलं का?"

"हो," कस्तुरी म्हणाली.

आकडा सतरा होता. पोरीला समजलं नव्हतं आणि हे दोघींनाही मोबाइलवर वाचता येत होतं.

त्या आकड्याला सगळे 'मेळ' म्हणत. पट्टीतून निघणारा अवरक्त प्रकाश कपाळाच्या हाडातून आत जातो आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तात प्राणवायू कुठे वाढला, कुठे घटला ते टिपतो. हे तंत्र जुनंच. नवा होता तो हिशेब. दोन माणसं मनापासून बोलत असली, की बोलणाऱ्याच्या मेंदूतले चढउतार तीनचार सेकंदांनी ऐकणाऱ्याच्या मेंदूत उमटायला लागतात. जितकं नीट कळतं तितके ते हुबेहूब उमटतात. ऐकणाऱ्याचं चित्त उडालं किंवा बोलणाऱ्याचं भरकटलं, तर दोन्ही रेषा आपापल्या वाटेनं जातात. त्या रेषा किती जुळतात ते शून्य ते शंभरात सांगणारा आकडा म्हणजे मेळ.

पट्ट्या स्वस्त झाल्या तशा शाळाशाळांत आल्या. कुठल्या मुलाचा कुठल्या शिक्षकाशी मेळ बसतो ते पाहून तुकड्या पाडल्या जाऊ लागल्या, आणि खरं सांगायचं तर बहुतेक मुलांचं त्यात भलंच झालं. कस्तुरीचा मात्र वर्षभरात एकाही शिक्षकाशी पंचविसाच्या वर मेळ गेला नाही. शाळेनं तिला काढलं नाही. एक पत्र दिलं, त्यात 'गृहशिक्षणाची शिफारस' असे शब्द होते. नव्वद दिवसांच्या आत नोंदणीकृत पालकाचा मुलाशी रोजचा सरासरी मेळ चाळीसच्या वर गेला पाहिजे. नाही गेला, तर मूल निवासी केंद्रात जाणार. तिथं शिकवायला माणूस नव्हतं. यंत्र प्रत्येक मुलाच्या चालीनं शिकवायचं, मुलं पासही व्हायची आणि दिवाळीत, मे महिन्यात घरी यायची.

पालकांच्या प्रशिक्षणात एका तंत्रज्ञ मुलीनं प्रणालीला कस्तुरीचा आलेख उलगडून दाखवला होता.

"तुमच्या मुलीत दोष काही नाही. हे बघा, इथं शिक्षक बोलले आणि इथं तिच्यापर्यंत पोचलं. इतरांना तीनचार सेकंद लागतात, हिला नऊ. पण पोचतं तेव्हा पूर्ण पोचतं. तोपर्यंत शिक्षक पुढच्या वाक्यावर गेलेले असतात, एवढंच."

"म्हणजे मी थांबून थांबून बोलायचं?"

"हो. पण…" मुलगी जरा घुटमळली. "नुसतं गप्प राहून होत नाही. थांबताना तुम्हीही त्याच गोष्टीवर असायला लागता. पट्टीला ते कळतं."

'पण' नंतरचं प्रणालीनं तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यापासून ती प्रत्येक वाक्यानंतर मनात नऊ आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन… चौथ्या आकड्यापर्यंत तिचं मन मिरजेतल्या त्या लॅबमध्ये पोचलेलं असायचं. सकाळी सातपासून तिथं रक्ताचे नमुने लावायचे, यंत्रानं लाल खूण केलेले अहवाल पुन्हा तपासायचे. पाचव्या आकड्याला कुकरची शिट्टी आठवायची, सहाव्याला पाण्याचा टँकर. नवव्या आकड्याला ती टेबलाशी परत यायची तेव्हा मेळ चौदावर असायचा.

तिचा नवरा विक्रांत ई-बसच्या डेपोत दुसऱ्या पाळीला होता. ती यायची आणि तो निघायचा. दोघांची भेट रोज दारात, बुटांच्या लेस बांधता बांधता व्हायची.

"काल किती?"

"एकोणीस."

"वाढतोय की," तो म्हणायचा आणि जिना उतरायचा. एका रविवारी त्यानं स्वतः पट्टी बांधून पाहिली. अकरा आला. "माझ्या मास्तरांनी कुठं पट्ट्या बांधल्या होत्या?" असं म्हणत त्यानं ती काढून ठेवली.

महिन्याभरात कस्तुरी एक गोष्ट पक्की शिकली, ती म्हणजे मोबाइलकडे बघणं. आईच्या तोंडाकडे, वहीकडे न बघता ती आकड्याकडे बघायची. आकडा पडला की घाईघाईनं म्हणायची, "समजलं आई, खरंच समजलं." आणि मग तो आणखी पडायचा.

सदतिसाव्या दिवशी सारिकाअक्का आली. अक्का म्हणजे विक्रांतची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून आठवीत शाळा सोडून तिनं धाकट्या भावाला वाढवलं होतं, आणि पुढं वीस वर्षं तासगावच्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये निवडण्याचं काम केलं होतं. आता शेडमध्ये कॅमेऱ्यावर चालणारं यंत्र आलं होतं. चाळीस बाया घरी बसल्या, त्यातली ही एक. "आठ दिवस राहते," म्हणून पिशवी घेऊन आली. प्रणालीला मनातून धास्तीच वाटली. अक्का भांडकुदळ नव्हती, पण फार कमी बोलायची, आणि अकरा वर्षांच्या संसारात तिच्या त्या गप्प बसण्याचा प्रणालीनं नेहमी एकच अर्थ लावला होता, की हिला माझं काही पसंत नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी शिकवणं अर्ध्यावर असताना लॅबमधून फोन आला. एका अहवालात घोळ झाला होता. प्रणाली पट्टी काढून आतल्या खोलीत गेली आणि वीसएक मिनिटांनी वैतागून बाहेर आली. टेबलाशी तिच्या खुर्चीत अक्का बसली होती. कपाळावर पट्टी होती. मधे गावाकडून आणलेले बेदाणे पसरले होते.

"कस्तू म्हणाली बांध, म्हणून बांधली," अक्का ओशाळून म्हणाली. "काढते."

"राहू दे," प्रणाली म्हणाली. तिची नजर मोबाइलवर गेली होती.

कस्तुरीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आत्या, आठातले दोन काळे. म्हणजे चारात एक. म्हणजे पाव हिस्सा काळा."

अक्का काही बोलली नाही. बेदाण्यांकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आणि दोन पांढरे त्यातून मी खाल्ले तर?"

आता कस्तुरी गप्प झाली. दोघी त्या ढिगाकडे बघत बसल्या, जणू कुणालाच कुठं जायचं नव्हतं.

"मग सहात दोन काळे. तीनात एक!"

मेळ अठ्ठावन्न होता.

वीस वर्षं एकेका दाण्यावर नजर ठेवून बसलेल्या त्या बाईला थांबणं शिकावं लागलं नव्हतं. ती थांबायची तेव्हा तिथंच असायची. हे प्रणालीला लख्ख कळलं, आणि कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र बेसिनशी जाऊन उगाचच दोन धुतलेली भांडी परत धुवावीशी वाटली.

"भारीच की!" दुसऱ्या दिवशी विक्रांत दारात म्हणाला. "मला पण अक्कानंच शिकवलं सगळं. बघ, आता तुझी कटकट मिटली."

"अक्कांना शिकवता येणार नाही. नोंदणीला दहावी पास लागते."

"पट्टीला काय कळतंय कपाळ कुणाचं?" तो म्हणाला आणि जिना उतरला.

पट्टीला कळत नव्हतं ही गोष्ट खरी होती. नोंदणी प्रणालीच्या नावावर राहिली आणि पट्टी अक्काच्या कपाळावर गेली. कस्तुरीचा तास बहुतांशी प्रणाली लॅबमध्ये असताना, बारा ते दोन, असा ठरला. आठ दिवसांचे महिना-दीड महिना झाले. अडचण एवढीच, की अक्काला अभ्यासक्रम येत नव्हता. म्हणून रोज संध्याकाळी सहा ते सात प्रणाली अक्काला दुसऱ्या दिवशीचा धडा शिकवायची. दशांश अपूर्णांक, झाडाचं पान अन्न कसं करतं ते, नकाशातल्या दिशा. अक्का पदर खोचून बसायची आणि दर पाच मिनिटांनी म्हणायची, "माझ्या डोक्यात जात नाही गं. सोड." प्रणाली दमलेली असायची, पण सोडायची नाही. रोज मेळ पन्नासच्या वर येत होता. कस्तुरी हसायला लागली होती. एकदा तिनं टपाल आणणाऱ्या माणसाला पान हिरवं का असतं ते अडवून सांगितलं.

रात्री मोबाइलवर दिवसभराचा आलेख यायचा. त्यात दर दिवशी दीडच्या सुमाराला एक खड्डा दिसायचा. पहिले काही दिवस प्रणालीला वाटलं, भुकेची वेळ म्हणून असेल. मग लक्षात आलं, की ती वेळ तिच्या घरी येण्याची होती. कुलपात किल्ली फिरली की त्या दोघी गप्प व्हायच्या, कस्तुरी सावरून बसायची आणि मेळ त्रेपन्नावरून तिशीत यायचा. तिच्या स्वतःच्या घरात तिच्या येण्याची अशी नोंद होत होती.

विक्रांतची भेट आता खाली फाटकाशीच उरकून ती जिन्यात बसू लागली. दीड ते दोन, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर, पर्स मांडीवर घेऊन. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं, "किल्ली विसरलात का?" तिनं हो म्हणून सांगितलं. रोज किल्ली विसरणारी बाई म्हणून तिची ओळख झाली असणार.

ऐंशीव्या दिवशी ती पायरीवर न थांबता सरळ वर गेली. लॅबमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, डोकं दुखत होतं. कस्तुरी अक्काच्या खांद्याला टेकून काहीतरी सांगत होती, तिला पाहून थबकली.

"हा डबा इथं कशाला?" प्रणाली ओट्याकडे बघून ओरडली. "डाळीचा डबा खाली असतो. किती वेळा सांगायचं अक्का? माझं घर आहे हे. मला माझ्या घरात काही सापडत नाही!"

अक्कानं उठून डबा खाली ठेवला. कपाळावरची पट्टी काढली, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. कस्तुरी दोघींकडे बघत होती. बरोबर नऊ सेकंदांनी तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी प्रणाली घरी आली तेव्हा दाराशी अक्काची पिशवी भरून ठेवलेली होती. विक्रांत डेपोत गेला होता. कस्तुरी आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तीनची बस आहे," अक्का म्हणाली. "कोल्ड स्टोरेजला बायका पाहिजेत म्हणतात. बघते."

"डब्यावरून बोलले म्हणून चाललात?"

"नाही गं."

"मग?"

प्रणाली पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी होती.

"विकी चार वर्षांचा होता आई गेली तेव्हा," अक्का म्हणाली. "माझ्या हातनंच जेवायचा. आमचे अण्णा, सख्खा बाप, घास करून पुढं धरायचे, तर हा तोंड फिरवायचा. मला बरं वाटायचं त्याचं. चौदा वर्षांची होते मी, खोटं कशाला बोलू? मी त्याला कधी म्हणाले नाही, की अण्णांच्या हातनं खा. मग अण्णांनी घास धरायचंच सोडलं. पुढं दोघं एका घरात राहिले, पण पाहुण्यासारखे." तिनं पिशवीचा बंद ओढला. "काल पोरगी तुला बघून गप्प झाली. ते मी आधीपण बघितलंय. परत बघायचं नाही मला."

प्रणाली खाली बसली, दाराशीच, फरशीवर. पर्स बाजूला कलंडली. रागावायला हवं होतं, रडायलाही चाललं असतं, पण दोन्हीला लागतो तेवढा जोर अंगात नव्हता.

"अक्का, मी रोज जिन्यात बसते," ती म्हणाली. "दोन वाजेपर्यंत. तुमचा तास मोडू नये म्हणून."

"काय सांगतेस?"

"तुम्ही गेलात तर आकडा माझा होणार आहे का? नाही होणार. ती केंद्रात जाईल. मग मला जिन्यातही बसता येणार नाही." तिनं डोळे मिटले. "मला तुमचा राग येतो. रोज येतो. पण तुम्ही जाऊ नका. मला एकटीला नाही जमत हे."

तीनची बस गेली. साडेतीनला अक्कानं चहा टाकला.

पर्यवेक्षक नायकवडी मॅडम नव्वदाव्या दिवशी सकाळी अकराला आल्या. त्या दिवशी प्रणालीनं रजा घेतली होती. मॅडम पन्नाशीच्या होत्या, तीन जिने चढून धापा टाकत होत्या आणि त्या दिवसातलं हे त्यांचं चौथं घर होतं. पाणी पिऊन त्यांनी नोंद पाहिली. "सुरुवातीचा महिना पडेल, मग एकदम पन्नास. छान. आता माझ्यासमोर पंधरा मिनिटं शिकवा."

प्रणालीनं पट्टी बांधली. कस्तुरीला काय चाललंय ते ठाऊक होतं, ती जिवाच्या आकांतानं ऐकत होती. मेळ सव्वीसच्या वर गेला नाही.

"माणूस घाबरतं," मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटं थांबून परत करू."

"परत केलं तरी तेवढाच येईल," प्रणाली म्हणाली. "ती नोंद माझी नाही. यांची आहे. या हिच्या आत्या. आठवी शिकल्यात."

अक्कानं पदर तोंडाशी धरला.

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मी 'पुनर्तपासणी' लिहून गेले असते. आता मला खरं ते लिहावं लागेल. त्रेचाळिसाव्या दिवसापासूनची नोंद रद्द."

"आणि कस्तुरी?"

त्यांनी चष्मा परत लावला. टॅबवर काहीतरी शोधलं, मग अक्काला म्हणाल्या, "बांधा बघू पट्टी." पंधरा मिनिटं झाली. साठ. मॅडम आकड्यापेक्षा त्या दोघींकडेच जास्त बघत होत्या.

"मुदतवाढ एकदाच मिळते, नव्वद दिवसांची," शेवटी त्या म्हणाल्या. "घरातल्या माणसाला सहायक म्हणून घेता येतं. दोन अटी. एक, सहायकानं मुक्त शाळेतून दहावीला नाव घातलं पाहिजे. दुसरी, शिकवताना नोंदणीकृत पालक खोलीत हजर पाहिजे. पूर्ण वेळ. तिघींचा मेळ एकत्र मोजला जाईल."

"मी खोलीत आले की आकडा पडतो, मॅडम," प्रणाली म्हणाली.

"मग तो पडू नये हे शिका," नायकवडी मॅडम उठत म्हणाल्या. आवाजात कडकपणा नव्हता, फक्त पुढच्या घराची घाई होती. "आजच्या चार घरांत खरं बोलणारं हे पहिलं घर. त्याचे गुण मला देता येत नाहीत."

पुढच्या सोमवारी अडीच वाजता तिघी बसल्या. तिसरी पट्टी पाठवली गेली होती. प्रणाली खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर, पाठ ताठ. अक्कानं कोनाचा धडा काढला. मेळ एकेचाळीसवरून छत्तीसवर आला, मग तेहतीसवर.

"आई," कस्तुरी म्हणाली, "तू पेपर तपासल्यासारखी बसू नकोस ना."

"मग कशी बसू?"

नऊ सेकंद गेले. प्रणालीनं ते मोजले नाहीत. पोरीच्या चेहऱ्यावर उत्तर हळूहळू येताना दिसत होतं, कपाळावर आधी एक आठी, मग ओठ जरासे हलले. हे तिनं याआधी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्या वेळात ती नेहमी दुसरीकडे असायची.

"तुला पण येत नाही अशी बस," कस्तुरी म्हणाली.

त्या दिवशीची सरासरी अडतीस आली. दुसऱ्या दिवशी छत्तीस. बुधवारी एकेचाळीस. अजून सत्त्याऐंशी दिवस होते आणि हे असंच काठाकाठानं जाणार हे प्रणालीला दिसत होतं.

बुधवारी पाच वाजता कस्तुरी खाली खेळायला गेली. अक्कानं तिन्ही पट्ट्या डब्यात ठेवल्या आणि पिशवीतून आपलं मराठीचं पुस्तक काढलं, कव्हर घातलेलं.

"आता माझं घे."

"आज नको, अक्का. अंगात त्राण नाही."

"मग तू पड. मी वाचते. चुकलं तर सांग."

प्रणाली तिथंच सतरंजीवर आडवी झाली. शाळा सुटल्यापासून वाचायची सवय गेलेली अक्का बोटानं ओळ धरून वाचू लागली. एक शब्द, मग थांबणं. जोडाक्षर आलं की आणखी थांबणं, ओठांत पुटपुटणं, मागं जाऊन पहिल्यापासून. नदीकाठच्या एका गावाचं वर्णन होतं, त्यातल्या नावाड्याला नुसतं होडीपर्यंत पोचायलाच चार मिनिटं लागली. खाली पोरांचा कालवा चालला होता, कुणाच्या तरी घरी कुकर होत होता. प्रणालीनं डोळे मिटून घेतले. पुढचा शब्द कुठला येणार ते तिला ठाऊक होतं, तरी तिनं तो सांगितला नाही. अक्काला तो सापडेपर्यंत ती तिथंच पडून राहिली.